झुंबरबाईच्या माडीचा पट्टा

माझ्या बापाचं नाव उकंडराव. हे मी आधीच सांगून टाकते, कारण माझ्या मायच्या तोंडून ते कधी निघायचं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिला तिच्या मायनं सांगितलं होतं आणि तिनं ते पदरात गाठ मारून ठेवलं होतं. गावात दुसरा कोणी उकंडा असला तरी माय त्याला 'शालूच्या बापाच्या नावाचा' म्हणायची; शालू म्हणजे मी. माझ्या आजीची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून या पोराला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं होतं. असं केलेलं माणूस चिवट निघतं म्हणतात. निघालाही.

आम्ही खामगावात कापसाच्या बाजारामागे एका माडीवर राहायचो. खाली कादरचाचाचं बांगड्यांचं दुकान, मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको अमीरबी, आणि वर आम्ही. ही माडी आमच्या मालकीची नव्हती आणि भाड्याचीही नव्हती. ती पट्ट्यावर घेतलेली होती. भाडेकरूला मालकाचा मूड सांभाळावा लागतो. पट्टेवाला मुदत संपेपर्यंत राजा. माझा बाप रोहिणखेडचा. लग्नानंतर त्यानं शेतातला आपला वाटा धाकट्या भावाला, इंद्रभानकाकाला देऊन टाकला, आलेल्या पैशात तीस वर्षांचा पट्टा केला, आणि बाजारात कापूस तोलायच्या कामाला लागला. कागदावर एक गोष्ट चांगली लिहून घेतली होती: मुदत संपली की पट्टेदार स्वतः किंवा त्याचे वारस मागतील तर पट्टा आणखी तितकाच वाढवून मिळेल. बापानं आयुष्यात केलेलं तेवढंच शहाणपण.

मी परकरातली असताना तो हंगामाला म्हणून बाहेरगावी तोलायला गेला आणि आला नाही. पहिल्या वर्षी सांगावा आला, की बरं चाललंय. मग तोही बंद झाला. इंद्रभानकाका अकोल्याला जाऊन आला, मलकापूरला जाऊन आला, कापसाच्या मोठ्या मोठ्या बाजारांत विचारून आला. शेवटी लोकांनी विचारणंही सोडलं.

मायनं मात्र वाट पाहणं सोडलं नाही. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातल्या गड्यांना भाकरी घालून तिनं घर चालवलं, मला वाढवलं, त्याच गावात दोन गल्ल्या सोडून दिलं. माझं लग्न झाल्यावर काका तिला रोहिणखेडला न्यायला आला, म्हणाला, "वयनी, एकटी काऊन राह्यतं इथीसा? चाल घरी." माझ्या नवऱ्यानंही म्हणून पाहिलं. दोघांनाही तिचं एकच उत्तर.

"ते आले तं कुठी येतीन? त्याईले हेच घर ठावं हाय."

एवढंच होतं तिच्या आयुष्यात. घर सुटलं की नवरा सुटला. त्याला वाट चुकू नये म्हणून तिनं त्या माडीचा रंगसुद्धा बदलू दिला नाही. दरवर्षी दिवाळीला तोच निळा. मला त्या निळ्याचा इतका कंटाळा आला होता, की माझ्या सासरी कोणी निळं लुगडं आणलं तर मी नेसत नसे.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. माडीचा मालक गुलाम रसूल शेठ एके दिवशी सकाळी जिना चढून वर आला. भला माणूस. त्याच्या वडिलांनी पट्टा दिला होता. ते वारले आणि इमारत दोघा भावांच्या नावानं झाली होती. तो बाजेवर टेकला, पाणी प्याला, आणि खाली बघत म्हणाला, "झुंबरबाई, पट्टा सरून राह्यला यंदा. मी तं वाढून देतो, माही ना नाही. पन माहा भाई अकोल्याले हाय. तो म्हनते, पट्टेदार कुठी हाय? तो येईन, सही करीन, तं वाढवू. नाहीतं त्याचे वारस येऊ द्या."

"मी हाये ना," माय म्हणाली.

"तुमी वारस कवा होता?" तो अवघडला. "मी काय बोलू बाई? वकिलाले विचारा."

वकील वामनराव. आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि सरळच सांगितलं, "बाई, नवरा जिवंत असेल तर पट्टा त्याचा. त्यानं येऊन मागावा. तो नसेल तर तुमचा आणि या मुलीचा. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मेलेला धरतो. कोर्टात शपथेवर तेवढं सांगा, वारसाचा दाखला घ्या, की झालं."

"काय सांगू?"

"की ते मयत आहेत."

माय उठलीच. पदर खोचला आणि चपला न घालता रस्त्याला लागली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागे पळाले.

घरी आल्यावर आमची जी जुंपली! मी लहानपणापासून जे गिळत आले होते ते सगळं ओकले. म्हटलं, "माय, म्हन ना एकदाची मेला म्हनून! जित्ता असून त्यानं काय उजेड पाडला? इतके वर्स झाले, कुत्रंबी घराची वाट विसरत नाही."

तिनं मला मारलं नाही. नुसती म्हणाली, "तो तुहा बाप हाये. अन् माह्या कपाळाचं कुंकू हाये. घर वाचवाले कुंकू पुसू?"

"मंग घर सोड. चाल माह्या घरी."

"अन् ते आले तं?"

घर ठेवायचं ते नवरा यावा म्हणून, आणि घर ठेवायला नवरा मेला म्हणायचं. असा पेच कोणा शत्रूलाही पडू नये. माय जेवेना. गुलाम रसूल शेठ दोनदा वर डोकावून गेला, तोही दुःखीच होता. मुदत जवळ येत चालली होती.

वाट काढली ती अमीरबीनं. ती वर आली, माय भिंतीकडे तोंड करून पडली होती तिच्या पाठीशी बसली आणि म्हणाली, "झुंबर, उठ. सरकारचं मरन निराळं अन् अल्लाचं निराळं. सरकार तं कागदाले मारते. तू कागदाले मार. मानसाले कोन मारून राह्यलं?"

मायनं कूस बदलली. "पन हातात चुडा अन् कपाळी कुंकू घेऊन गेली तं साहेब हाकलून देईन."

"मंग चुडा मी उतरवतो. फोडत नाही, उतरवतो. एकबी काच वाढली तं माहं नाव बदल. कोर्टातून आली की याच हाताले ह्याच बांगड्या परत भरीन. फुटला नाही तं चुडा गेला कसा?"

हे मायला पटलं. विधवेचा चुडा फोडतात. आपला फोडला नाही, तर आपण विधवा नाही. कोर्टाची शपथ ती कोर्टापुरती. पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या बाईला हे पटलं नसतं. आमच्या माडीवरच्या तिघींना ते इतकं पटलं, की मीसुद्धा मान हलवली.

त्या सकाळी अमीरबीनं रिठ्याचं पाणी केलं. मायचा हात त्यात बुडवून ठेवला, मग तळवा मऊ मऊ दाबत, अंगठ्याचं हाड आत मुडपत, एकेक बांगडी काढू लागली. मायच्या हाताला त्या अगदी घट्ट बसलेल्या होत्या. ती दात दाबून बसली होती, पण दुखतंय म्हणाली नाही, नुसतं दर बांगडीला विचारायची, "साबूत हाय ना?" आणि अमीरबी म्हणायची, "साबूत." सगळ्या निघाल्यावर हात अगदी पोरका दिसायला लागला. अमीरबीनं मंगळसूत्र आपल्या ओढणीच्या टोकाला बांधलं, आणि मायच्या दंडाला चोळीच्या आत एक काळा दोरा बांधला, म्हणजे अंग अगदीच मोकळं नको. मग ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. पुसताना ती शिवी देत म्हणाली, की या कामाचं पाप माझ्या माथी, झुंबरच्या नाही.

कोर्टात इंद्रभानकाका आधीच येऊन बसला होता. भावकीतला साक्षीदार म्हणून वकिलांनी त्याला बोलावलं होतं. त्याचा हात गीतेवर ठेवला तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. "माहा भाऊ मेला," एवढंच बोलला. तो मनातून बोलला होता. आम्हाला तेव्हा ते कळायला हवं होतं.

मग माय. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

पुन्हा विचारलं.

"ज्याच्या आंधीचे लेकरं वाचले नाहीत," ती पदर तोंडावर धरून म्हणाली, "म्हून त्याले जिथं केर टाकतेत तिथं लोळवलं, ते."

मागे बसलेले लोक हसले. कारकूनही वऱ्हाडचाच, त्याला नाव कळलं, तो लिहायलाही लागला. पण साहेब म्हणाले, बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. वकिलांनी समजावलं. मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "उकंडराव."

मी पहिल्यांदा ऐकलं तिच्या तोंडून. जेवायला हाक मारावी तसं म्हणाली.

"जिवंत आहेत की मयत?"

"सरकारच्या लेखी मयत."

"सरकारच्या लेखी नको, बाई. नुसतं सांगा."

"मयत," माय म्हणाली, आणि कठड्याला धरून खाली बसली.

घरी आल्यावर माय जिना चढण्याआधीच अमीरबीच्या खोलीत गेली, हात पुढे केला. बांगड्या परत भरल्या, मंगळसूत्र गळ्यात पडलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आलं, आणि माझी माय परत माझी माय दिसायला लागली. "कोर्टातलं कोर्टात राह्यलं," असं म्हणून तिनं चूल पेटवली. पुढे दाखला मिळाला, पट्टा वाढला, गुलाम रसूल शेठनं स्वतः कागद वर आणून दिला आणि अकोल्याच्या भावाचं तोंड बंद झालं म्हणून खुशीत दोन भाकरी जास्त खाऊन गेला. मायनं घर सारवलं, पुन्हा तोच निळा रंग दिला. मी तिला इतकी हलकी झालेली कधी पाहिली नव्हती. आणखी तीस वर्षं! आता त्याला कधीही येऊ दे, घर जागेवर होतं.

मग एक दिवस इंद्रभानकाका आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती.

माय तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. "भाऊजी, हे काय केलं?"

"वयनी, म्या गीतेवर हात ठेवून सांगतलं भाऊ मेला म्हनून. मंग त्याले अग्नी नाही देल्ला तं मी खोटा पडतो का नाही? अन् तो तसाच भटकत राह्यते." काका शांतपणे सांगत होता. परागंदा माणसाचं करतात तसं त्यानं रोहिणखेडला पळसाच्या काड्यापानांचा देह केला होता, त्याला धोतर नेसवलं होतं, नदीकाठी नेऊन जाळलं होतं. दहावं झालं, तेरावं झालं, भावकी जेवली. "तुले मुद्दाम नाही बोलावलं. तुह्या डोळ्यांनी पाहवलं नसतं. म्हनलं, मीच करून मोकळा होतो."

त्याच्यावर रागवायचं तरी कसं? तो खरा माणूस. आम्ही शपथेची दोन घरं केली होती, एक कोर्टाचं आणि एक आपलं. त्याला बिचाऱ्याला एकच माहीत होतं. माय परत चुलीशी जाऊन बसली. भाकरी जळून कोळसा झाली होती, ती तिनं हातानंच उचलली.

बांगड्या तिनं काढल्या नाहीत. पण गावाला बातमी लागली. सवाष्णी हळदीकुंकवाला बोलवेनात, विधवा आपल्यात धरेनात. संक्रांतीला माझी माय घरात बसून राहिली आणि अमीरबीनं तिला वाणाचे तीळ आणून दिले. मी गल्लीतल्या बायांशी भांडून आले, पण भांडून कोणाचं कुंकू खरं होतं का?

हंगाम संपत आला होता. दुपारची वेळ, मी मायकडे ज्वारी निवडत बसले होते. जिन्यावर पाय वाजले. गडी असेल म्हणून मी मान वर केली नाही. मायनं केली. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दारात एक वाळलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. खांद्यावर घोंगडं, पायात धूळ.

माय उठली. रडली नाही, ओरडली नाही. इतक्या वर्षांनी तिनं नवऱ्याला काय म्हणावं?

"पाय धुवा. भाकर टाकतो."

तो जेवला. ती समोर बसून वाढत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी कोपऱ्यात उभी. त्यानं माझ्याकडे दोनतीनदा पाहिलं, आणि मग मायला हळूच विचारलं, "हे कोन?"

"शालू नाही का," माय म्हणाली. माझ्या काळजात कळ उठली. मी तिरस्कार करत होते त्याचा, तरी उठली.

हात धुतल्यावर तो बोलला. तो मेहकरकडे होता. मेहकर! सातासमुद्रापलीकडे नाही, याच जिल्ह्यात, बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. पहिल्या हंगामात तिथे एका बाईकडे जेवायचा, तिथेच राहिला. "निंघाचं म्हनलं का पाय उचलत नव्हता. एक साल गेलं. मंग घरी याले लाज वाटे. मंग लाजेचीबी सवय झाली." तिथे त्याला दोन पोरं होती. भावकीतल्या एकाला हे ठाऊक होतं, पण तो कधी बोलला नव्हता. तोच रोहिणखेडला तेराव्याचं जेवून परतला आणि त्यानं माझ्या बापालाच येऊन सांगितलं, "तुह्या तेरव्याची बुंदी चांगली झालती."

हे सांगताना माझा बाप जरासा हसला. आम्ही हसलो नाही.

"म्हनलं, इनं मले मोकळं केलं," तो मायकडे न पाहता म्हणाला. "इतक्या सालात पैल्यांदा हलकं वाटलं. तं म्हनलं, आपल्या तोंडानं सांगून यावं. बरं केलं तू. आता वाट पाहू नको."

"म्या मोकळं नाही केलं," माय घाईघाईनं म्हणाली. "ते सरकारसाठी होतं. तुमच्याच घरासाठी होतं हो. भाऊजीनं पळस जाळला, मले ठावं नव्हतं. पन ते फिरवता येते. म्या भटजीले विचारून ठेवलं हाये. जित्ता आला तं त्याले तुपाचं नहान घालतेत, बारसं करतेत, नाव ठेवतेत, अन् मंग त्याच बायकोसंग पुन्हा लगन लावतेत. लय खर्च नाही. सारं होते."

तिनं हे विचारून ठेवलं होतं! मला पत्ता नव्हता. गाव तिला विधवा म्हणत होतं आणि ती भटजीच्या दारात उभी राहून मेलेला नवरा जिवंत कसा करायचा ते विचारत होती.

माझ्या बापानं मान हलवली. "नको. मेलेलाच बरा मी. तिथले पोरं लहान हायत."

"मंग आले काऊन?" मी ओरडले. "मेले होते तं मेलेलेच राह्यते! इथं हाडं दाखवाले आले?"

त्यानं घोंगडं उचललं. माय म्हणाली, "शालू, गप. बापाले असं बोलत नाहीत." मग तिनं उरलेल्या दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि त्याच्या हातात दिला. "वाटनं भूक लागीन." तो जिना उतरून गेला. खाली अमीरबीनं त्याला ओळखलं असावं. तिचा मोठ्यानं बोलल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

मी सूप फेकलं, ज्वारी घरभर झाली. मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. माय खाली बसून एकेक दाणा वेचत होती.

"उगी राय वं," ती म्हणाली. "घर सापडलं ना त्याईले? पट्टा वाढवला नसता तं कुठी आले असते? दुसऱ्याचं बिऱ्हाड पाहून खालूनच परतले असते. जेवून तं गेले माह्या हातचं."

मी तिच्याजवळ बसले, तिला धरलं. तिनं मूठभर ज्वारी ओटीत घेतली, दाराकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला.

"पन शालू, आता तीस सालं हाय वं पट्टा. इतकी सालं मी या घरात काय करू?"